ऑस्ट्रेलियात कायदा आणि अकाउंटिंगची जोडपदवी: बारावीपासून सनदेपर्यंत

बारावी कॉमर्स झालेल्या मुलामुलींच्या घरी सीए की लॉ हा वाद नवा नाही. हल्ली त्यात तिसरा पर्याय शिरला आहे: ऑस्ट्रेलियात जाऊन पाच वर्षांत बॅचलर ऑफ कॉमर्स आणि बॅचलर ऑफ लॉज अशा दोन्ही पदव्या घ्यायच्या. माहितीपत्रकात हे सगळं फार देखणं दिसतं. पण पाच वर्षांनी हातात दोन पदव्या आल्या, तरी तेवढ्यावर तुम्ही वकीलही नसता आणि सनदी लेखापालही नसता. त्या दोन परवान्यांच्या वाटा पदवीनंतर सुरू होतात, आणि त्यांची तयारी विषय निवडताना पहिल्या वर्षापासूनच करावी लागते. हा लेख त्या तयारीबद्दल आहे.

काम कुठे करणार, हे आधी ठरवा

कॉलेजांची यादी काढण्याआधी या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा. अकाउंटिंगचं ज्ञान थोड्याफार फरकाने सगळीकडे चालतं, कारण ऑस्ट्रेलियाची लेखामानकं आंतरराष्ट्रीय मानकांवर बेतलेली आहेत आणि भारताची नवी मानकंही त्यांच्या जवळ आली आहेत. कायद्याचं तसं नाही. तो देशाच्या हद्दीत राहतो.

ऑस्ट्रेलियाची कायद्याची पदवी घेऊन परत यायचं आणि मुंबई उच्च न्यायालयात उभं राहायचं असा बेत असेल, तर आपला रस्ता असा आहे. १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्यानुसार परदेशी पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली असावी लागते. मग परदेशी पदवीधर भारतीयांसाठी असलेली कौन्सिलची पात्रता परीक्षा द्यायची. त्यात भारतीय संविधान, दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया हे विषय येतात, म्हणजे जे ऑस्ट्रेलियात शिकलाच नाहीत ते. त्यानंतर राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी आणि मग अखिल भारतीय बार परीक्षा. अशक्य काही नाही, पण किमान वर्षभराचा वेळ हाताशी ठेवा. अकाउंटिंगच्या बाजूला, भारतात कंपनीच्या लेखापरीक्षणावर सही करायची तर आयसीएआय या सनदी लेखापालांच्या संस्थेचं सदस्यत्व लागतं. परदेशी बी.कॉम. कितीही भारी असली तरी ती सही करता येत नाही. शिवाय भारतात वकिलीची सनद आणि सीएचं प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र एकाच वेळी दोन्ही चालवता येत नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्याला पुण्यात किंवा नागपुरात प्रॅक्टिसच करायची आहे, त्याने इथली पाच वर्षांची लॉ करावी किंवा बी.कॉम.सोबत सीए करून मग तीन वर्षांची एलएल.बी. घ्यावी. पैसाही वाचतो, ओळखीही होतात. जोडपदवीचा खरा उपयोग ऑस्ट्रेलियात काम करू पाहणाऱ्यांना होतो. सीमापार करव्यवहार, कंपन्यांचं विलीनीकरण, दिवाळखोरी, आर्थिक गुन्ह्यांचा तपास अशा जागी शिरायचं असेल तर तिचा उपयोग आणखी जास्त, कारण तिथे ताळेबंद आणि करारनामा दोन्ही वाचता येणारा माणूस लागतो.

कोणतं विद्यापीठ, कोणता साचा

मोनॅश, सिडनी विद्यापीठ, न्यू साउथ वेल्स विद्यापीठ, कॅनबेरातली ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी (एएनयू), मॅक्वेरी अशा बऱ्याच ठिकाणी बारावीनंतर थेट ही जोडपदवी मिळते. पूर्णवेळ पाच वर्षं, सेमिस्टरला साधारण चार विषय. मेलबर्न विद्यापीठाची वाट वेगळी आहे. तिथे बारावीनंतर कायदा नाही; आधी कोणतीही पदवी, मग तीन वर्षांची जेडी, म्हणजे पदवीधरांसाठीची कायद्याची पदवी. ज्यांना अजून खात्री नाही त्यांनी हा पर्याय गांभीर्याने पाहावा. बी.कॉम. महाराष्ट्रात करायची आणि जेडीसाठी जायचं, म्हणजे परदेशातली दोन वर्षं आणि त्यांचा सगळा खर्च कमी होतो.

निवड करताना तीन गोष्टी तपासा. पहिली, अभ्यासक्रमाचा क्रिकोस क्रमांक, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या अभ्यासक्रमांच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक. तो नसेल तर परदेशी विद्यार्थ्याला तिथे प्रवेशच देता येत नाही. दुसरी, कायद्याची पदवी त्या राज्याच्या वकील नोंदणीसाठी मान्य आहे का. तिसरी आणि सगळ्यात दुर्लक्षित: कॉमर्सच्या बाजूचा अकाउंटिंग मेजर (मुख्य विषयगट) 'चार्टर्ड अकाउंटंट्स ऑस्ट्रेलिया अँड न्यूझीलंड' किंवा 'सीपीए ऑस्ट्रेलिया' या लेखापालांच्या संस्थांना मान्य आहे का, आणि जोडपदवीत तो पूर्ण बसतो का. साध्या बी.कॉम.मध्ये ऐच्छिक विषयांना जागा असते. जोडपदवीत ती जागा कायद्याचे विषय खातात, आणि लेखापरीक्षण किंवा वित्त यातला एखादा आवश्यक विषय बाहेर राहतो. मग पाच वर्षांनंतर एका विषयासाठी पुन्हा फी भरा. विद्यापीठाच्या अभ्यासक्रम सल्लागाराला ईमेलने हा प्रश्न विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. तो तुमच्याकडून पैसे घेत नाही, कारण ते त्याला विद्यापीठाकडून मिळतात. त्यामुळे त्याच्या यादीत कोणती नावं वर असतात ते समजून घ्यायला फार हुशारी लागत नाही.

बारावीचे विषय आणि इंग्रजी

महाराष्ट्र बोर्डाच्या कॉमर्समध्ये अकरावीतच मुलं गणित सोडून एस.पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतात, कारण गुण सोपे. ज्यांच्या मनात ऑस्ट्रेलिया आहे त्यांनी गणित ठेवावं. काही विद्यापीठांत कॉमर्सला गणित ही अट असते, काही ठिकाणी ते 'येतंच असेल' असं गृहीत धरून शिकवतात. राज्य बोर्डाला अनेकदा सीबीएसईपेक्षा जास्त टक्केवारी मागितली जाते, तेव्हा आपल्या बोर्डाचा रकाना शोधून वाचा.

आयईएल्ट्समध्ये विद्यार्थी व्हिसाची किमान अट ६ असली तरी कायद्याच्या पदव्या बहुतेक ठिकाणी ६.५ ते ७ मागतात, तेही प्रत्येक विभागात ठरावीक गुणांसह. मराठी माध्यमाच्या मुलांनी याला घाबरू नये, पण केवळ परीक्षेच्या क्लासवर विसंबूही नये. ऑस्टली नावाचं संकेतस्थळ ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयांचे निकाल फुकट वाचायला देतं. निघण्याआधीचे चार महिने आठवड्याला एक निकाल वाचला, तर पहिल्या सेमिस्टरला जी धाप लागते ती बरीच कमी होते.

खर्चाचं गणित

नामांकित विद्यापीठांत या पदवीची फी वर्षाला ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर जाते, आणि दरवर्षी वाढते. राहण्याखाण्यासाठी व्हिसाच्या नियमात १० मे २०२४ पासून वर्षाला २९,७१० डॉलर दाखवावे लागतात. हे दोन्ही आकडे पाच वर्षांनी गुणले तर चार लाख डॉलरला अगदी थोडे कमी पडतात. डॉलर ५५ रुपयांचा धरला तरी हे २ कोटी २० लाखांच्या घरात जातं. विमा, विमानभाडं आणि फीवाढ यात नाहीत. घरातल्या सगळ्यांनी हा आकडा एकदा शांतपणे पाहावा.

स्थानिक विद्यार्थ्यांना मिळणारं सरकारी फी-कर्ज परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, तेव्हा बारावीनंतरच्या पदवीला तिचा आधार धरू नका. विद्यापीठांच्या स्वतःच्या फीसवलती मात्र असतात. त्या टक्केवारीत असतात, आणि पाचही वर्षं लागू आहेत की फक्त पहिल्या वर्षी, हे पत्रात बारकाईने पाहा.

शैक्षणिक कर्ज घेताना लोक हप्त्याचा विचार करतात, शिकत असतानाच्या काळातल्या व्याजाचा करत नाहीत. पहिल्या वर्षी उचललेल्या ३० लाखांवर १० टक्के सरळ व्याजाने पाच वर्षांत १५ लाख व्याज साठतं, आणि पहिला हप्ता त्यानंतर सुरू होतो. शक्य असेल तर शिक्षण चालू असतानाच निदान व्याज भरत राहा. जुन्या करप्रणालीत या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. परदेशी पैसे पाठवताना टीसीएसचा, म्हणजे बँक पाठवतानाच वसूल करते त्या कराचा, प्रश्न येतो: १ एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही, स्वतःच्या पैशातून आर्थिक वर्षात १० लाखांवर पाठवलं तर लागतो. तो बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. म्हणून फी कोणाच्या खात्यातून जाणार हे वडिलांनी आपल्या सीएला विचारूनच ठरवावं.

व्हिसा: एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा

विद्यार्थी व्हिसाचा क्रमांक ५००. १ जुलै २०२५ पासून त्याची फी २,००० डॉलर आहे. व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही, म्हणजे लाखभर रुपयांहून जास्त पाण्यात. विद्यापीठाचा प्रवेश निश्चितीचा दाखला, संपूर्ण कालावधीचा आरोग्य विमा, पैशाचा पुरावा आणि इंग्रजीचे गुण हे सगळं लागतंच.

खरी परीक्षा आहे ती 'खरा विद्यार्थी' या निकषाची. मार्च २०२४ पासून मोठ्या निबंधाऐवजी अर्जातच प्रश्न असतात आणि प्रत्येकाला १५० शब्दांची मर्यादा. या पदवीबाबत अधिकाऱ्याच्या मनात येणारा प्रश्न उघड आहे: भारतात परतणार म्हणता, तर ऑस्ट्रेलियाचा कायदा कशाला शिकता? 'जागतिक दर्जाचं शिक्षण' असलं उत्तर इथे काही कामाचं नाही. वडिलांचा निर्यात व्यवसाय असेल, ऑस्ट्रेलियन कंपन्यांच्या भारतातल्या सेवा केंद्रांत कर किंवा नियमपालनाचं काम करायचं असेल, तर नेमकं तेच लिहा, अभ्यासक्रमातल्या विषयांची नावं घेऊन. पैशांच्या बाबतीत बँकेत अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक जमा झालेली मोठी रक्कम शंका ओढवून घेते. ती कुठून आली याचे कागद सोबत द्या: जमिनीचं खरेदीखत, मुदत ठेव मोडल्याची पावती, कर्जमंजुरीचं पत्र.

पाच वर्षांची आखणी

तिथे पोहोचल्यावर पहिल्याच महिन्यात एक तक्ता करा: एका बाजूला पाच वर्षांची सेमिस्टरं, दुसऱ्या बाजूला दोन याद्या.

पहिली यादी 'प्रीस्टली इलेव्हन'. वकील म्हणून नोंदणीसाठी लागणारी कायद्याची ११ क्षेत्रं: फौजदारी कायदा, अपकृत्य (टॉर्ट), करार, मालमत्ता, न्यासांसह इक्विटी (शेअर नव्हेत, न्यायबुद्धीच्या तत्त्वांवरचा कायदा), कंपनी कायदा, प्रशासकीय कायदा, संविधान, दिवाणी प्रक्रिया, पुरावा आणि व्यावसायिक नीती. जोडपदवीत ही सगळी सक्तीची असतात, त्यामुळे इथे चूक सहसा होत नाही.

दुसरी यादी तुमच्या लेखा-संस्थेने मागितलेल्या विषयांची: वित्तीय लेखांकन, व्यवस्थापकीय लेखांकन, लेखापरीक्षण, वित्त, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कर, व्यावसायिक कायदा. गंमत इथे आहे. कंपनी कायदा तुम्ही लॉच्या बाजूने शिकणारच असता, करकायदाही तिथे घेता येतो, आणि बऱ्याच ठिकाणी तेच विषय लेखा-संस्थेच्या अटीतही धरले जातात. म्हणजे दोन विषयांची जागा मोकळी होते. पण करकायदा लॉच्या बाजूला ऐच्छिक असतो, तो तुम्ही आपणहून घ्यायला हवा. पुढे करसल्लागार म्हणून नोंदणी करायची असेल तरी तो लागतोच.

पहिल्या दोन वर्षांत करार, अपकृत्य आणि अकाउंटिंगचे पायाभूत विषय ठेवा. इक्विटी आणि कंपनी कायदा तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि लेखापरीक्षण शक्यतो कंपनी कायद्याच्याच सेमिस्टरला. कारण सांगतो.

'सेंट्रो' हा खटला तुम्हाला दोन्हीकडे भेटेल. ऑस्ट्रेलियातल्या या मॉल-मालक समूहाने २००७च्या वार्षिक हिशेबात सुमारे १५० कोटी डॉलरची अल्पमुदतीची कर्जं दीर्घ मुदतीची म्हणून दाखवली. वर्षाच्या आत फेडायचं देणं ते चालू देणं, हे आपल्याकडे बारावीच्या पुस्तपालन व लेखाकर्मातही शिकवतात. संचालकांचा बचाव असा, की व्यवस्थापनाने आणि लेखापरीक्षकांनीही ते पकडलं नाही, आम्ही तज्ज्ञांवर भरवसा ठेवला. २०११ मध्ये फेडरल कोर्टाचे न्या. मिडलटन यांनी तो मान्य केला नाही. संचालकाने हिशेब स्वतः वाचायला हवा, आणि समूहाची कर्जं कधी फेडायची आहेत हे त्याला माहीत असायला हवं, असा त्या निकालाचा गाभा. अकाउंटिंगच्या वर्गात हाच प्रसंग वर्गीकरणाची चूक म्हणून येतो, कायद्याच्या वर्गात संचालकाच्या काळजी घेण्याच्या कर्तव्याचा भंग म्हणून. दोन्ही वर्ग एकाच सेमिस्टरला असले, की ताळेबंदातली एक ओळ चुकीच्या रकान्यात गेली तर कोणकोण कोर्टात उभं राहतं हे लख्ख दिसतं.

परीक्षेची पद्धतही वेगळी आहे. आपल्याकडे 'व्याख्या लिहून स्पष्ट करा' यावर गुण मिळतात. तिथे एक काल्पनिक प्रसंग देतात आणि अशिलाला सल्ला द्या म्हणतात. मुद्दा ओळखायचा, नियम सांगायचा, तो या वस्तुस्थितीला लावायचा, निष्कर्ष काढायचा. आपली मुलं नियम सुंदर लिहितात, कलमांसकट, आणि लावायच्या पायरीवर दोन ओळींत आटोपतात. गुण बहुतेक तिथेच असतात. पहिल्या सेमिस्टरपासून जुने प्रसंग घेऊन फक्त ती एक पायरी लिहिण्याचा सराव करा.

काम, तास आणि एक सावधगिरी

सेमिस्टर चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं, सुट्टीत ही मर्यादा नाही. १ जुलै २०२५ला किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झालं. रोखीने त्याहून कमी देणारे भेटतात, दुर्दैवाने कधी कधी आपलेच लोक. नाही म्हणा. अकाउंटिंग शिकणाऱ्याने निदान पगाराची पावती मागायला लाजू नये.

नाही म्हणण्याचं आणखी एक कारण या पदवीला खास आहे. वकील म्हणून नोंदणी करताना तुमचं चारित्र्य तपासलं जातं आणि मागची प्रत्येक कुसळ स्वतःहून जाहीर करावी लागते: असाइनमेंटमधली उचलेगिरी, एआयकडून लिहवून घेतल्याबद्दल झालेली कारवाई, व्हिसाच्या अटींचा भंग, अगदी ट्रेनमध्ये विनातिकीट पकडल्याचा दंडसुद्धा. जाहीर केलेलं प्रकरण बहुधा माफ होतं, लपवलेलं मात्र होत नाही.

चौथ्या वर्षी मोठ्या लॉ फर्म्स आणि लेखा कंपन्या सुट्टीतल्या क्लर्कशिप (उमेदवारीची कामं) देतात, आणि पुढची नोकरी बऱ्याचदा तिथूनच मिळते. यातल्या अनेक जागांना कायम निवासाची अट असते. ती आहे का हे आधी पाहा, नाहीतर अर्ज भरण्यात महिने जातात. मध्यम आकाराच्या फर्म्स, विद्यापीठांची मोफत कायदा-मदत केंद्रं, करभरणी शिबिरं इथे दार जास्त उघडं असतं. मराठी मंडळांत जा, गणपतीला तर जाच. तिथे भेटणाऱ्या एखाद्या अकाउंटंट काकांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मिळालेला अनुभवही अर्जात अनुभव म्हणूनच मोजला जातो.

पदवीनंतर

इथे वेळेचं गणित घट्ट आहे. पदवीनंतर तिथे राहून काम करण्याचा तात्पुरता ४८५ व्हिसा सहा महिन्यांच्या आत मागायचा, वय ३५ पर्यंत, आणि बॅचलर पदवीला तो दोन वर्षांचा मिळतो. दोन पदव्या म्हणून चार वर्षं मिळत नाहीत. वकिलीसाठी आधी प्रॅक्टिकल लीगल ट्रेनिंग, पूर्णवेळ केलं तर साधारण सहा महिने, फी वेगळी. काही विद्यापीठांत ते पदवीच्या आतच बसवता येतं आणि परदेशी विद्यार्थ्याला ते फार सोयीचं पडतं, म्हणून निवडीच्या वेळीच विचारा. मग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात शपथ. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. पुढची दीड ते दोन वर्षं दुसऱ्या वकिलाच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. लेखा-संस्थेच्या सदस्यत्वाला परीक्षांशिवाय तीन वर्षांचा अनुभव लागतो.

बेरीज करा: दोन वर्षांच्या व्हिसात हे दोन्ही पुरं होत नाही. त्यामुळे दोन्ही घोड्यांवर बसू नका. एक परवाना आधी घ्या. सीपीएचा अनुभव भारतातल्या नोकरीतही मोजता येतो, म्हणून बहुतेकांना आधी वकिलीची नोंदणी उरकून घेणं परवडतं. कायम निवासासाठी लेखापाल हा व्यवसाय यादीत आहे, पण गुणांची चढाओढ गेली काही वर्षं जबरदस्त आहे. त्या आशेवर दोन कोटींचा हिशेब बांधू नये. आणि पुढे ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलंत तर भारतीय नागरिकत्व जातं, म्हणजे भारतातल्या सनदेचा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहतो.

परत यायचं ठरलं तर कॅम्पस सोडण्याआधी हे कागद गोळा करा: दोन्ही पदव्यांची स्वतंत्र गुणपत्रकं, कायद्याच्या प्रत्येक विषयाची त्या वर्षीची अभ्यासक्रम-रूपरेषा, आणि पाचही वर्षं पूर्णवेळ, वर्गात हजर राहून शिकल्याचं लॉ स्कूलच्या लेटरहेडवरचं पत्र. बार कौन्सिलपुढे हे सगळं लागू शकतं, आणि तीन वर्षांनी मुंबईतून मागायला गेलात तर तुम्हाला ओळखणारं कोणी त्या ऑफिसात असेलच असं नाही.